वाढ्यांवरचा चुना

बाहत्तरच्या दुष्काळात पाचोऱ्याजवळच्या आमच्या गुरांच्या छावणीत चारा कधी साठला नाही, किस्से मात्र ढिगाने साठले! डॉक्टर, मी त्यांचा कंपाउंडर आणि व्यवस्था पाहणारे नाना, असे आम्ही तिघे. कुणी म्हणतं, विसरून जा. विसरायला ते आधी पचायला हवेत ना!

*

यावलकडून केळीचे खांब आले, ट्रक भरभरून. गुरं तुटून पडली. पोटं टम्म, पण बरगड्या रोज जास्तच दिसायला लागल्या. एक म्हातारे आबा आपल्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "डाक्टर, पोट भरनं, पन बैल कोठे गया?"

"आबा, खांबात नुसतं पाणी. रवंथ करायला त्यात आहे काय?"

*

त्याच बैलाने पुढे माझी एक चामड्याची चप्पल खाल्ली! नाना पोट धरून हसले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "अंगातले क्षार संपले की जनावर हाडं, कातडं, मिळेल ते चघळतं."

मी काय केलं? उरलेली चप्पल पेटीत लपवली! त्याची लाज अजून वाटते.

*

मग उसाचे वाढे आले, शेंड्याची पानं. हिरवेगार! सगळे खूश, डॉक्टर सोडून.

"नुसत्या वाढ्यांनी अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी होतो. गाभण गाई व्यायल्या की बसतील, उठणार नाहीत. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायची."

सखूअक्कांच्या दावणीला एकच गाय उरली होती, तीही गाभण. त्या म्हणाल्या, "गाय आते पान खाई का?" सगळी छावणी हसली. पण डॉक्टरांनी नीट समजावलं, तेव्हापासून अक्का रोज सकाळी आमच्या तंबूच्या दारात. "चुना उना का?"

*

चुना आला, दोन पोती. त्याच दिवशीच्या टपालाने मोठे साहेब भेटीला येणार असल्याचं पत्रही आलं. मी आणि डॉक्टर औषधं आणायला पाचोऱ्याला गेलो. परत येऊन बघतो तर फाटकापासून तंबूपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांचे दगड पांढरेशुभ्र!

नाना म्हणाले, "डॉक्टर, एक दगड सोडला नाही!"

पोती रिकामी होती. डॉक्टर तिथेच एका ओल्या दगडावर बसले. पँटची मागची बाजू पांढरी झाली, तरी कुणी हसलं नाही.

*

भेटीच्या आदल्या दिवशी अक्कांची गाय व्याली आणि बसली. कॅल्शियमची शेवटची बाटली मी सकाळीच दुसऱ्या गाईला देऊन बसलो होतो. उजाडता उजाडता गाय गेली.

साहेब आले. हार झाले. "छावणी छान दिसते," म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. फाटकापाशी अक्का उकिडव्या बसून विळ्याने दगड खरवडत होत्या. पांढरी भुकटी पदरात पडत होती.

नाना धावले. "अक्का, काय करताय हे? तुमची गाय तर गेली ना!"

अक्कांनी मान वर केली नाही. विळा चालूच.

"मनी गई. शेजारनी गाय गाभण शे."