ट्रंकेतले बांगडे

आज सुनेनं निखाऱ्यावर सुका बांगडा टाकला आणि माझी मूठ आपोआप आवळली गेली. आमच्या भागात कॉलेज निघून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा माझ्या पहिल्याच वर्षी वसतिगृहात असाच वास सुटला होता. वरच्या वर्गातल्या पोरांनी शिरोड्याच्या एका मच्छीमाराच्या मुलाची ट्रंक फोडली, बांगडे अंगणात उधळले आणि आम्हा नवख्यांना हुकूम सोडला, “बडवा ह्येका!” “माका मारा, पण आवशीन दिलेले बांगडे तुडवू नकात रे!” तो आईच्या शिदोरीसाठी ओरडला. पहिला ठोसा माझा. त्याचा ओठ फाटला, दात अंगणातल्या दगडी चिऱ्यावर पडला, तरी मी लाथा घालतच राहिलो. बांगडे माझ्याही ट्रंकेत होते, आणि तो माझ्या शेजारच्याच खाटेवर झोपायचा, त्याला ते ठाऊक होतं. मार खाताना त्यानं माझं नाव घेतलं नाही. आज मी उठून आधी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या.