जिभेची उजवी बाजू

भुरकेकाकांचं खरं नाव आमच्या गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. चहाच्या कंपनीत ते एकतीस वर्षं चहा चाखत होते. पांढऱ्या कपांची लांब रांग, हातात चमचा, आणि दर कपाला असा भुरका, की पलीकडच्या खोलीत नवा कारकून आला तर आठवडाभर दचकत राही. घोट तोंडभर फिरवायचा आणि थुंकून टाकायचा, ही कामाची रीत. घरचा चहाही ते तसाच भुरकत. फक्त थुंकत नसत. एवढी सवलत काकूंनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मिळवली होती.

त्यांचा डावा कान वर्षभर वाहत होता. आतलं हाड सडायला लागलंय म्हणून ऑपरेशन झालं आणि कान अगदी ठणठणीत झाला. पण घरी येऊन पहिला घोट घेतला तेव्हा जिभेच्या डाव्या बाजूला नुसतं गरम पाणी होतं. चवीची एक बारीक नस कानाच्या पडद्यामागून जाते आणि कधीकधी ती कापावी लागते, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. फॉर्मवर तसं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे, असंही सांगितलं. सही होतीच. ऑपरेशनच्या सकाळी, चष्मा काढून ठेवायला लावल्यावर घेतलेली.

कंपनीने काकांना लेबलांच्या टेबलावर बसवलं. काकांनी हॉस्पिटलविरुद्ध ग्राहक मंडळाकडे तक्रार केली. तिच्यात दोन गोष्टी होत्या: आधी सांगितलं नाही, आणि मी चाखण्याच्या कामातून उठलो.

सुनावणीला आठ महिने लागले. तेवढे दिवस हात बांधून बसणं काकांना जमणारं नव्हतं. रोज सकाळी ते ओट्यावर सहा कप मांडत, मान उजवीकडे कलती करत आणि घोट त्या एका बाजूलाच घोळवत. भांडी घासताना काकू विचारत, की हा नाच अजून किती दिवस चालणार.

सुनावणीत आधी तज्ज्ञ डॉक्टरांचा अहवाल वाचला गेला. डाव्या बाजूला कडू, खारट, काहीच कळत नाही. इथवर सगळं काकांच्या बाजूने होतं. मग हॉस्पिटलच्या वकिलाने टेबलावर सहा कप मांडले. कामातून उठलात म्हणता, तर चाखून दाखवा, एवढंच त्याचं म्हणणं. काकांच्या वकीलबाईंनी हळूच बजावलं, की खात्री नसेल तिथे सरळ ‘कळत नाही’ म्हणा. काकूंनी तर येताना बसमध्येच हात जोडले होते: आज तेवढी हुशारी नको.

काकांनी मान उजवीकडे कलती केली. भुरक्यासरशी टिपणं घेणाऱ्या बाईंचं पेन थांबलं.

पहिला उंच डोंगरावरचा. दुसरा खुडल्यावर जास्त वेळ पडून राहिलेला. तिसऱ्याला वाळवताना धूर लागलेला. चौथा आणि पाचवा एकाच मळ्यातले. काकूंनी पदर तोंडावर घेतला. सहाव्या कपाला काका थांबले, तेव्हा वकीलबाईंना जरा आशा वाटली.

“चहा चांगला आहे,” काका म्हणाले, “कप नीट विसळलेला नाही.”

हॉस्पिटलचा वकील हसला आणि खाली बसला. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, “मग तुमचं गेलं काय?”

“अर्धी जीभ गेली. कानासाठी ती मी दिलीही असती,” काका म्हणाले. “पण विचारायला तर हवं होतं ना?”

काम गेल्याची तक्रार फेटाळली गेली. आधी न सांगणं ही मात्र डॉक्टरांची चूक, असं निकालात स्पष्ट लिहून आलं. बाहेर जिन्यात डॉक्टर काकांपाशी थांबले. साखर, रक्तदाब, विडी-सिगारेट, सगळं विचारलं होतं. काम काय करता, हे विचारायचं राहिलं, म्हणाले. काका म्हणाले, आता पुढच्याला विचारा.

परतीच्या बसमध्ये काकूंनी दोन तिकिटं काढली. सुटे पैसे मोजत म्हणाल्या, “एक कप तरी चुकवायचा होतात.”

“कुठला?” काकांनी मनापासून विचारलं.

कंपनीचे साहेब साक्षीला आले होते. त्यांनी सहाही कप पाहिले होते. सोमवारी लेबलांचं टेबल रिकामं झालं, आणि पलीकडच्या खोलीत एक नवा कारकून दचकला.