बावीस मिनिटांचा भाग आणि शेजारची भिंत

संध्याकाळचे पाच वाजले की माझे सासरे, म्हणजे बाबा, टीव्हीसमोर वही घेऊन बसत. त्यांचं सगळं आयुष्य कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर गेलेलं, त्यामुळे कमी भरलेली वस्तू त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्तीनंतर ते जुन्या विनोदी मालिका तोलायला लागले. जाहिराती वगळल्या तर मूळ भाग बावीस मिनिटांचा, असं त्यांचं म्हणणं. आता इंटरनेटवर टाकणारे लोक त्याचे अठरा करतात, आणि मग दारातून बॅग घेऊन आलेला पाहुणा पुढच्या दृश्यात नसतोच. "हे भोक लेखकाने पाडलेलं नाही, कात्रीने पाडलंय," असं म्हणून ते वहीत वेगळं लिहीत. लेखकाच्या चुका निळ्या शाईने, कात्रीच्या लाल शाईने. नवरा नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी यायचा. त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि हा खेळ मलाही आवडायला लागला होता.

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहायला आलं. तो ट्रक टर्मिनलजवळच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला, दुपारी चारला घरी येणारा, जिन्यात भेटला की हसून नमस्कार करणारा. ती पंचविशीतली, कोन गावची. पाच वाजता कधीकधी आमच्याकडे यायची आणि सोफ्यावर न बसता खाली भिंतीला टेकून बसायची. एका भागात मालिकेतल्या नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये होता आणि लगेचच्या भागात तो दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. बाबांनी उत्साहाने वही उघडली. ती म्हणाली, "बरं हाय त्यांचं. एका भागात हाड मोडतं, दुसऱ्या भागात काय नाय."

आम्ही हसलो. तीही हसली.

मग ती यायची बंद झाली. पाच वाजता त्यांच्या भिंतीतून तीच मालिका मोठ्या आवाजात ऐकू यायची. मला वाटलं, घरीच बघत असेल. एकदा पाण्याच्या वेळी ती जिन्यात दिसली. उजवा गाल काळानिळा, कानामागे खोक. मी विचारलं तर म्हणाली, "माल्यावरचा टोप काढत होते, पडले."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "त्यांच्याकडे माळा नाहीये. सिलिंडरचा रेग्युलेटर बसवून द्यायला मी आत गेलो होतो. स्वयंपाकघराची भिंत वरपर्यंत सपाट आहे."

एवढं कळूनही आम्ही नऊ दिवस काही केलं नाही. दुसऱ्याच्या घरात कसं बोलायचं, असं मी म्हणत राहिले, आणि बाबाही तेच म्हणत राहिले. मालिकेतल्या पन्नास चुका पकडणारी आम्ही दोन माणसं.

दहाव्या दिवशी गुरुवार होता. भिंतीपलीकडे प्रेक्षकांचं ते ठरावीक हसणं सुरू होतं. भाग संपला, त्याचं शेवटचं संगीत वाजलं, आणि पुन्हा तोच भाग पहिल्यापासून लागला. बाबांनी घड्याळ पाहिलं. "तोच परत कशाला लावला?" ते म्हणाले. दोन हशांच्या मध्ये जी एवढीशी शांतता असते, तिच्यात आम्हाला धान्याचं पोतं आपटावं तसा आवाज ऐकू आला. मग बाईचा आवाज, अर्ध्यात तुटलेला. आणि पुन्हा हशा.

मी उठून त्यांची बेल दाबली, दाबूनच धरली. बाबा काठी टेकत मागे आले. त्याने दार उघडलं. शर्ट घामाने चिकटलेला.

"काय आहे?"

"टीव्ही कमी करा," मी म्हणाले. तोंडातून तेवढंच निघालं.

त्याच्या पायांमधून मला तिचं पाऊल दिसलं, आणि फरशीवर पुसल्यासारखं ओढलेलं रक्त. तो दार लावायला लागला तशी बाबांनी फटीत काठी घातली. त्याने ती हिसकावली आणि त्याच काठीने बाबांच्या खांद्यावर मारलं. बाबांनी हात वर केला. दुसरा फटका मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाबा उंबऱ्यावर कोसळले आणि मी त्याच्या हाताखालून आत शिरले.

ती ओट्याखाली बसली होती. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला, मांडीवर तिच्याच केसांचा पुंजका. मी वाकले, तेवढ्यात त्याने मागून माझी मान धरली आणि माझं डोकं फ्रिजवर आपटलं. दोनदा. डोळ्यांपुढे पांढरं झालं. ओट्यावर चाचपडताना हाताला लोखंडी बत्ता लागला. मी तो मागे फिरवला. त्याच्या कोपरावर बसला असावा, कारण मान सुटली. वळून खांद्यावर मारला. तो खाली बसला.

तिथे ते संपायला हवं होतं. तो दोन्ही हात डोक्यावर धरून बसला होता, रडत होता, आणि मी मारत राहिले. बोटांवर मारलं, बरगडीवर मारलं. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगते, बरं वाटत होतं. टीव्हीतली माणसं हसत होती आणि माझा हात थांबत नव्हता. माझ्या पायाला कुणीतरी मिठी मारली. "ताई, बास! मरंल तो! सोड!" ती होती.

मग सगळ्या मजल्यांची दारं उघडली. सगळ्यांनाच आधीपासून ऐकू येत होतं, हे त्यांच्या तोंडांवरून कळत होतं.

पोलीस ठाण्यात एका बाई हवालदारांनी माझा जबाब घेतला. "किती वेळा मारलंत?"

"एकदा. मान सोडवून घ्यायला."

त्यांनी पेन थांबवलं. "एका फटक्यात कोपर, खांदा, बोटं आणि बरगडी?"

बाबा शेजारी बसले होते, हात गळ्यात बांधलेला. ते म्हणाले, "मी दारातच होतो मॅडम. मला एकच दिसला." हवालदार बाईंनी टेबलावरचा तिच्या फाटलेल्या ओठाचा फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि लिहून घेतलं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "किती?"

"सात."

त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं.

त्याच्यावर केस उभी राहिली, ती अजून चालू आहे. घर त्याने सोडलं. ती कोनला माहेरी गेली. भावांनी दोन महिन्यांत 'परत जा' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तिने एका गोदामात पॅकिंगचं काम धरलं आणि मैत्रिणीबरोबर खोली घेतली. बाबांचं मनगट वाकडंच जुळलं. मालिका ते अजून बघतात, आवाज अगदी बारीक ठेवून.

गेल्या महिन्यात ती भेटायला आली. त्या डोळ्याने थोडं अंधुक दिसतं म्हणाली. चहा झाल्यावर एकदम म्हणाली, "ताई, एक सांगू? तू त्याला मारत होतीस ना, तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी."

"म्हणजे?"

"त्याच्यानंतर मला मारशील. तुझं तोंड तसंच दिसत होतं. म्हणून पाय धरले तुझे."

तिला सोडायला मी रिक्षा स्टँडपर्यंत गेले. वाटेत ती खोलीतल्या पाण्याबद्दल सांगत होती, एक दिवसाआड येतं म्हणून. माझ्या बाजूनेच चालत होती, पण एका हाताचं अंतर ठेवून.