वाटीतल्या गोळ्या

आमच्या भांडुपच्या चाळीला टायफॉइड काही नवा नव्हता. नाक्यावरचा डॉक्टर त्यावर ठरलेल्या कॅप्सूल द्यायचा. सर्दीला त्याच, जुलाबाला त्याच, अंग मोडून आलं तरी त्याच. आणि ताप उतरला रे उतरला की आमची माणसं त्या बंद करायची, कारण काय, तर औषध गरम पडतं! डॉक्टरने आणि आम्ही मिळून त्या औषधाची पार वाट लावली. ऐंशीचं दशक संपता संपता माझ्या धाकट्या बहिणीला टायफॉइड झाला, तेव्हा त्या कॅप्सूलनी तिचा ताप जराही हलला नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू आता जुन्या औषधांना जुमानत नाहीत. एक नवीन गोळी आलीय, ती देऊ. पण ताप गेला तरी कोर्स पूर्ण करायचा."

ती गोळी आमच्याकडे कुठेच मिळेना. बाबा शोधत शोधत थेट फोर्टात गेले आणि घेऊन आले. काही दिवसांत ताप उतरला. बहीण घरी आली, आरसा मागितला आणि केस गळाले म्हणून रडली. ती रडतेय याचाच मला केवढा आनंद झाला होता.

मी अंधेरीला कारखान्यात जायचे, त्यामुळे गोळ्या द्यायचं काम आईकडे होतं. समोरच्या काकू बहिणीसाठी वाटीतून मऊ भात पाठवत. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हा आईचा धर्म. कधी कोकमं, कधी खोबऱ्याची वडी. एका संध्याकाळी मी घरी आले तर फळीवर गोळ्या नाहीत.

"आई, गोळ्या कुठायत?"

"काकूंच्या नातवाक खोकलो झालो मा. वाटी रिती कशी देतलंय?"

"अगं, हिचा कोर्स संपायचाय!"

"ताप गेलो मा? मगे कित्याक ती गरम औषधां? पोरीच्या तोंडाक फोड इलेत."

मी तशीच समोर धावले. काकू खुशीत होत्या. "झकास औषध गं! नातवाला दिलं, उरलेलं जावेकडे पाठवलं. तिच्याकडे सगळ्यांनाच खोकला."

खोकल्याला! माझ्या बहिणीचा जीव त्या गोळ्यांवर होता आणि चाळीने त्या प्रसादासारख्या वाटल्या. मी घरी येऊन आईला नाही नाही ते बोलले. बहीणच मला म्हणाली, "ताई, मी बरी आहे ना! कशाला ओरडतेस?"

बाबा पुन्हा फोर्टात गेले. दुकानदार म्हणाला, माल संपलाय, पुढच्या आठवड्यात या. तो माल यायच्या आत ताप परत आला, आणि या खेपेला तिचं आतडं फुटलं. ऑपरेशन झालं, तरी ती वाचली नाही. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं तिचं.

त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. काकूंनी पिठलं-भात आणला. पिठलं त्याच वाटीत होतं. मी त्याला हात लावला नाही. संध्याकाळी वाटी घासून ठेवली, तर आई सवयीने उठली आणि डबा उघडून कोकमं काढू लागली. मी तिच्या हातातून डबा हिसकावून घेतला आणि काकूंची वाटी रिकामी नेऊन दिली.