पिशोरच्या आभाळात ढग दिसला तेव्हा

मंडळी, आज सकाळीच पिशोरहून औरंगपुऱ्यात परतलो. लेकीला तारे दाखवायला माझ्या आत्याच्या शेतावर मुक्कामी गेलो होतो. आमच्या गच्चीवरून हल्ली दिव्यांच्या झगमगाटात चांदण्या दिसतच नाहीत.

काल अंधार पडल्यावर लेक ओरडली, "आजी, ढग आला!"

श्रावण सरला तरी तिकडं पाऊस नाही. आत्या पिठाच्या हातानंच अंगणात धावली. वर बघून हसायला लागली. "ढग नाय गं बाई, आकाशगंगा हाय ती!"

मला गलबलून आलं. आत्या मात्र लेकीशेजारी बाजेवर आडवी झाली. "पाऊस येईल तवा येईल. आज आभाळ लई देखणं हाय, बघून घे."

मग मी ताऱ्यांपेक्षा आत्याकडंच जास्त बघत राहिलो. एवढी उमेद कुठून आणत असतील ही माणसं?