देवाशी भांडण
तांदळाच्या चिल्यांचा, म्हणजे तिकडच्या धिरड्यांचा, वास आला की छत्तीसगढातल्या तात्यापारा मोहल्ल्यातलं आमचं भाड्याचं घर आठवतं. माझा धाकटा भाऊ तापानं गेला, त्यानंतरची ती सकाळ. आईनं देव्हाऱ्यातले देव पिशवीत भरले आणि ती तलावात सोडायला निघाली. बाबा दारात उभे होते, पण त्यांना तिला अडवणं जमेना. तेवढ्यात शेजारच्या छत्तीसगढी काकी गरम चिले घेऊन आल्या. "देव चांगला असता तर माझा पोट्टा काहून नेला असता?" आईनं त्यांनाच विचारलं. काकींना मराठी समजायचं. पिशवीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मालूम नहीं दीदी. पर झगड़ा करना है तो घर में रखके करो ना." आई मटकन खाली बसली आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. देव परत जागेवर गेले, दिवा मात्र लागला नाही. आई रोज त्यांच्यापुढे उभी राहून जाब विचारायची. बऱ्याच महिन्यांनी, एका सकाळी, भांडता भांडताच तिनं वात वळली आणि दिवा लावला. देव पूर्ण चांगला आहे का, हे मला अजून कळलेलं नाही. परवा माझ्या मुलीनं तेच विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "त्यालेच विचार बेटा. रागावून विचारलं तरी चालते."