वाळवीचं औषध आणि केशरी पाइप

आमच्या घरात जेवताना ताटाखाली जुनी पत्रकं अंथरायचे. वडील आळेफाट्याच्या एसटी स्टँडवर चळवळीची पत्रकं वाटत, उरलेली घरी येत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. प्रत्येक पत्रकात एक दोषी असायचा आणि तो पहिल्या चार ओळींत सापडायचा. काही बिघडलं की त्यामागं कुणीतरी माणूस असतो आणि त्याला चारचौघांत जाब विचारता येतो, अशी माझी पक्की समजूत होती.

आई घोडेगावच्या बाजूला मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होती. तळेघरकडच्या वाड्यांतल्या मुली तिथं राहून शिकतात. वसतिगृहाच्या परवानगीसाठी ते चालवणाऱ्या संस्थेनं छताखाली स्प्रिंकलर बसवून घेतले. खोलीत आग लागली की आपोआप पाणी सोडणारे. छत जुनं, लाकडी वाशांचं. लोखंडी पाइपाचं वजन त्याला पेलायचं नाही म्हणून कंत्राटदारानं केशरी प्लास्टिकचा पाइप घातला. तो आगीच्या कामासाठीच बनवतात आणि नियमात बसतो. तपासणी झाली, दाखला मिळाला.

पुढच्या पावसाळ्यात वाशांना वाळवी लागली. मुलींच्या गोधड्यांवर सकाळी भुसा पडलेला असायचा. आईनं इकडं कुणीही करेल तेच केलं. शेजारच्या वस्तीवरच्या भाऊंना बोलावलं. ते मेंढरं राखतात आणि टोमॅटोच्या हंगामात फवारणीला जातात. त्यांनी वाळवीचं औषध डिझेलमध्ये कालवलं, कारण डिझेलनं ते लाकडात मुरतं, आणि पाठीवरच्या पंपानं सगळे वासे भिजवले. जाता जाता त्याच औषधाचं फडकं पाइपावरूनही फिरवलं. "म्हंजे तिकडनं चढायची न्हाई," म्हणाले. आईनं त्यांना चहा दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका कॉटवर पाणी ठिबकायला लागलं. मग दुसऱ्या खोलीत, मग जिन्याजवळ. कंत्राटदाराचा इंजिनिअर पुण्याहून आला तेव्हा मीही आईकडं होते. तो शिडीवर चढला, पाइपावर बोट फिरवून हुंगलं.

"मॅडम, इथं डिझेल मारलंय का?"

"व्हय. वाळवी व्हती," आई म्हणाली.

"या पाइपाला तेल चालत नाही. तडे जातात. पूर्ण लाइन बदलावी लागेल, आणि हे आमच्या हमीत बसत नाही."

"हे आधी कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"पाइप येतात त्या पेटीवर लिहिलेलं असतं."

"पेट्या कुठायत?"

"पेट्या आम्ही परत नेतो."

मला माझा दोषी सापडला. पत्रक काढायचं मी तिथंच ठरवलं. पण कंत्राटदार म्हणाला, ताबा देताना संस्थेला सगळं समजावलं होतं. संस्थेचे सचिव म्हणाले, समजावलं असेल, पण देखभाल रेक्टरची. तपासणीवाले म्हणाले, आम्ही पाहिला तेव्हा पाइप धडधाकट होता. मी सगळ्यांकडं जाऊन आले. वाईट म्हणजे त्यातलं कुणी खोटं बोलतंय असं मला वाटलं नाही.

तोवर पाइपाचं पाणी बंद होतं. कोरड्या पाइपाखाली मुली झोपत होत्या. संस्थेचं म्हणणं एवढंच, की जबाबदारी कुणाची ते ठरल्याशिवाय नवं काम मंजूर होणार नाही.

भाऊ आपणहून आले. दारातच टेकले. "बाई, माजं नाव टाका. मला कोन काढतंय? मेंढरं काय राजीनामा मागायची न्हाईत."

आई हसली. "आन् नव्या पाइपाचा खर्च तुमच्यावर टाकला तर? मेंढरंच जातील, भाऊ. बोलावलं मी. नाव माजंच."

ते गेल्यावर मी तिला म्हणाले, हा अन्याय आहे.

"असंल," ती म्हणाली. "पर तू भांडून जिकेपर्यंत या पोरींनी कशाखाली झोपायचं?"

चूक आपली, असं तिनं लिहून दिलं, आणि संस्थेनं तिला जायला सांगितलं. छताला आधार देऊन लोखंडी पाइप घालायचं ठरलं, म्हणजे आधार पहिल्यापासूनच देता येत होता.

किल्ल्या द्यायच्या दिवशी मी तिची वळकटी घ्यायला गेले. मुली व्हरांड्यात उभ्या होत्या. आईनं त्यांना शेवटचं एवढंच सांगितलं, "वर छताला कुनी काय लावू नका. रंग न्हाई, तेल न्हाई, औषद न्हाई. आधी इचारा."

"कुनाला इचारायचं, बाई?" अकरावीतल्या एकीनं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

आई माझ्याकडं बघायला लागली. घरात अशा प्रश्नांची उत्तरं मीच द्यायचे. मी वळकटी उचलली आणि फाटकाकडं चालायला लागले.